जळत नाही, विरघळत नाही. मग फुप्फुसात करतं काय?

प्रश्न: पत्र लिहिणाऱ्या ताई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचे वडील १९८४ ते २०१४ मुंबईच्या उपनगरातल्या एका कारखान्यात ॲस्बेस्टॉसच्या खात्यात कामाला होते. आता वय ६९. हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेल्या एक्स-रेमध्ये डाग दिसले, म्हणून सीटी स्कॅन केला. रिपोर्टमध्ये ‘प्लुरल प्लाक, ॲस्बेस्टॉसशी संबंध संभवतो’ असं आलं. वडिलांना धाप नाही, खोकला नाही. बिडी मात्र आहे. भावंडांनी रिपोर्ट कपाटात ठेवला आणि ‘ऑपरेशनची तारीख पुढे गेली’ एवढंच त्यांना सांगितलं. धाकट्या भावाने घरात काढा आणि गूळ सुरू केलाय. शिवाय लोह बाहेर काढणाऱ्या किलेशनच्या सलाइनसाठी एका दवाखान्यात आगाऊ पैसे भरायची त्याची तयारी आहे. आईला वेगळीच धास्ती आहे, कारण वडिलांचे कामाचे कपडे वर्षानुवर्षं तिनेच धुतले. ताई लिहितात: “ॲस्बेस्टॉस रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असतं, असं मी मुलांना सांगते. मग ते फुप्फुसाशी अभिक्रिया करतं कशी? आणि करत असेल, तर ती थांबवणारं किंवा उलटवणारं काहीतरी असायलाच हवं. सलाइन लावावं का? आणि बाबांना सांगावं का?”

उत्तर:

ताई, सलाइन लावू नका. आणि बाबांना सांगा, याच आठवड्यात सांगा. दोन्हींची कारणं खाली लिहितो. जरा लांबेल, पण तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ एवढ्यावर तुमची बोळवण करणं मला पटत नाही. जुन्या कारखान्यांतल्या कितीतरी कामगारांच्या घरी आज हेच प्रश्न आहेत, त्यांनाही हे उपयोगी पडावं.

तुम्ही वर्गात सांगता ते खोटं नाही. ॲस्बेस्टॉस जळत नाही, कुजत नाही, उष्णतेला दाद देत नाही. म्हणून तर बॉयलरच्या वेष्टणापासून ब्रेक लायनिंगपर्यंत सगळीकडे ते वापरलं गेलं. पण ही निष्क्रियता भट्टीतली आहे, सबंध ढेकळाची आहे. फुप्फुसात ढेकूळ जात नाही. तिथे अतिशय बारीक तंतू जातो, आणि त्याच्या आकाराच्या मानाने त्याचा उघडा पृष्ठभाग प्रचंड असतो. जे घडतं ते त्या पृष्ठभागावर घडतं.

ॲस्बेस्टॉस म्हणजे तंतुमय सिलिकेट खनिजांचा एक गट. आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते पांढरं, म्हणजे क्रायसोटाइल. हे मॅग्नेशियमचं सिलिकेट. सिलिकाचा एक पापुद्रा आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा एक पापुद्रा एकमेकांना जोडलेले असतात. दोघांच्या मापात किंचित फरक असल्यामुळे चटई गुंडाळावी तशी त्यांची सुरळी होते आणि मॅग्नेशियमची बाजू बाहेर राहते. अशी एक सुरळी मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढी बारीक असते. निळं, म्हणजे क्रोसिडोलाइट, आणि तपकिरी, म्हणजे अमोसाइट, यांची घडण निराळी: ताठ, सरळ सुया आणि अंगात भरपूर लोह. निळ्याच्या वजनात तर चौथ्या हिश्शाहून जास्त लोहच असतं.

साधारण ३ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असलेला तंतू लांब असूनही वायुकोशांपर्यंत पोचू शकतो. तिथे त्याची गाठ मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशीशी पडते. तिचा व्यास १५-२० मायक्रॉन. आलेला जंतू किंवा कण गिळायचा, स्वतःच्या आतल्या आम्लाच्या पिशवीत कोंडायचा आणि जिरवायचा, हे तिचं काम. साधा धुळीचा कण ती गिळते आणि कफावाटे वर काढून देते. पण २५-३० मायक्रॉन लांबीचा तंतू तिच्यात मावतच नाही. ती त्याच्याभोवती ताणली जाते, एक टोक बाहेर राहतं, पिशवीचं तोंड मिटत नाही. जंतू मारण्यासाठी तयार केलेली सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही रसायनं मग शेजारच्या नाजूक ऊतींवर सांडत राहतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तंतूच्या पृष्ठभागावरचं फेरस रूपातलं लोह त्या हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील कण तयार होतो. १८९४ मध्ये हेन्री फेंटन यांनी टार्टारिक आम्लावर काम करताना जी अभिक्रिया नोंदवली, तीच ही. हा रॅडिकल इतका उतावळा असतो की जन्मला तिथेच, हाताशी येईल त्यावर तुटून पडतो: पेशीच्या पटलातल्या मेदावर, प्रथिनांवर, डीएनएतल्या ग्वानिनवर. या अभिक्रियेत फेरसचं फेरिक होतं. तुम्ही म्हणाल, मग लोह वापरलं गेलं, संपलं. तसं होत नाही. पेशीतलीच क्षपणक रसायनं त्या फेरिकला पुन्हा फेरस करतात आणि चक्र परत सुरू होतं. तंतू खर्च होत नाही. तो इथे अभिकारक नाहीच, उत्प्रेरक आहे. खर्च होतो तो आपल्या शरीराचा माल. म्हणूनच ‘अभिक्रिया आहे म्हणजे तिला उतारा असायलाच हवा’ हे तुमचं गृहीतक इथे लागू पडत नाही. आम्लावर अल्कली टाकून उदासीन करता येतं, कारण तिथे आम्ल संपतं. इथे संपणारं काही नाही.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसमध्ये लोह थोडंच, मॅग्नेशियमच्या जागी शिरलेलं. त्याची तऱ्हा वेगळी. बाहेरच्या मॅग्नेशियमच्या थरामुळे ताज्या तंतूवर धन प्रभार असतो आणि पेशीपटलावरच्या ऋण प्रभाराच्या शर्करा-प्रथिनांना तो चिकटतो, पटल दुखावतो. फुप्फुसातल्या द्रवात, त्याहून जास्त भक्षक पेशीच्या आम्लात, त्याचं मॅग्नेशियम हळूहळू झिरपून जातं, तंतू कमजोर होऊन तुटतो, आणि तुकडे काही आठवड्यांत, महिन्यांत निघूनही जातात. निळे-तपकिरी तंतू मात्र दशकानुदशकं जसेच्या तसे राहतात. एवढ्यावरून ‘पांढरं निरुपद्रवी’ असा प्रचार वर्षानुवर्षं झाला. मला तो कधीच पटला नाही. जो माणूस तीस वर्षं रोज नवा तंतू ओढतो आहे, त्याला कालचा तंतू विरघळला याचा काय दिलासा? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासकट सगळ्या प्रकारांना माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात ठेवलं आहे.

पुढची साखळी थोडक्यात. अर्धवट गिळलेला तंतू भक्षक पेशीत इन्फ्लमासोम नावाची धोक्याची घंटा वाजवतो (हा दुवा २००८ मध्ये स्पष्ट झाला), इंटरल्यूकिन-१ बीटासारखे संदेश सुटतात, दाह सुरू होतो. दुसरे संदेश तंतुजनक पेशींना कोलॅजन, म्हणजे जखमेच्या व्रणात असतं ते चिवट प्रथिन, विणायला लावतात. वायुकोशांच्या भिंतींत कोलॅजन साठून त्या जाड झाल्या, प्राणवायू रक्तात जायला अडथळा येऊ लागला, की तो ॲस्बेस्टॉसिस. शरीर काही तंतूंना प्रथिन आणि लोहाचं सोनेरी-तपकिरी आवरणही चढवतं. दोन्ही टोकांना फुगलेल्या अशा कांड्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या की पॅथॉलॉजिस्ट ॲस्बेस्टॉसची खूण पटवतात.

आता सलाइनकडे येऊ. तुमच्या भावाचा तर्क अडाणी नाही, हे त्याला आवर्जून सांगा. लोह हा गुन्हेगार असेल तर लोह काढून घ्या, असा विचार संशोधकांनीही केला. काचेच्या बशीतल्या पेशींवर डेस्फेरिऑक्झामिन हे लोह बांधून ठेवणारं औषध वापरलं तेव्हा तंतूंनी होणारी इजा घटली. पण अमेरिकेत उटा स्टेट विद्यापीठात ॲन ऑस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसवर सायट्रेट आणि ईडीटीए ही धातू पकडणारी रसायनं वापरून पाहिली, तेव्हा उलटंच घडलं. या रसायनांनी तंतूवरचं लोह सोडवून द्रावणात आणलं, आणि तिथे ते अधिक मोकळेपणाने डीएनएचे धागे तोडू लागलं. किलेशनच्या नावाने खाजगी दवाखान्यांत बहुधा हेच ईडीटीए दिलं जातं. शिवाय तंतूवरचं लोह काढलं तरी तो शरीरातलं लोह पुन्हा अंगावर ओढून घेऊ शकतो. ईडीटीएने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि त्याच्या एका प्रकाराने रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. शिसं चढलेल्या माणसाला किलेशन जीवदान देतं. ॲस्बेस्टॉससाठी त्याचा माणसांत काही फायदा दिसलेला नाही. पैसे भरायच्या आधी त्याला हे वाचून दाखवा.

गुळाबद्दल. धुळीच्या खात्यात गुळाचा खडा द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, बाबांनीही तो खाल्ला असेल. १९९४ मध्ये लखनौच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात गुळामुळे कोळशाचे आणि सिलिकाचे कण फुप्फुसातून हलायला मदत झाल्यासारखं दिसलं होतं. पण ते कण होते, लांब तंतू नव्हते, आणि माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. मधुमेह नसेल तर बाबांनी खुशाल गूळ खावा, औषध म्हणून नको. काढ्याचं तेवढं पाहा की बाटलीवर घटक लिहिलेले आहेत की नाही. नसतील तर बंद करा.

आता रिपोर्ट. तो वाचून तुम्ही घाबरलात, पण त्यात कर्करोग लिहिलेला नाही आणि ॲस्बेस्टॉसिसही नाही. फुप्फुसावर दोन पदरी आवरण असतं. त्यातल्या बाहेरच्या, बरगड्यांना लागून असलेल्या पदरात काही तंतू येऊन अडकतात आणि तिथे कोलॅजनचे चपटे थर साठतात, कालांतराने त्यात चुनाही भरतो. हे प्लाक. ते कर्करोगात बदलत नाहीत, बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत आणि ते काढायचेही नसतात. पण या माणसाने ॲस्बेस्टॉस ओढलं आहे याची ती पक्की खूण आहे, म्हणून पुढे लक्ष ठेवायला हवं. छातीच्या तज्ज्ञाकडे जा. ते पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवून बारीक चरचर ऐकू येते का पाहतील, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून श्वासाची क्षमता मोजणं) आणि वायू रक्तात किती जातो त्याची डीएलसीओ ही तपासणी करतील. दर सहा महिन्यांनी हौसेने सीटी काढू नका. किती अंतराने काय करायचं, हे त्यांना बिडीचा इतिहास धरून ठरवू द्या. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी विचारून घ्या.

बिडीचा इतिहास म्हणालो, आणि माझ्या लेखी सगळ्या पत्रातली सर्वात महत्त्वाची ओळ तीच आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. १९७९ मध्ये हॅमंड, सेलिकॉफ आणि साइडमन यांनी अमेरिका-कॅनडातल्या इन्सुलेशन कामगारांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. धूम्रपान न करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध न आलेल्या माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका १ धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसने तो सुमारे ५ होतो, नुसत्या धूम्रपानाने सुमारे ११, आणि दोन्ही एकत्र आले की ५० च्या वर. धुरामुळे श्वासनलिकेतली सूक्ष्म केसांची झाडलोट मंदावते, तंतू जास्त काळ आत राहतात, आणि धुरातली कर्करोगकारक रसायनं तंतूवर बसून थेट पेशीपर्यंत पोचतात. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असं बाबा म्हणतीलच. उपयोग आहे. अशाच कामगारांच्या पुढच्या अभ्यासात, धूम्रपान सोडल्यावर दहा वर्षांच्या आत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. तंतू आपल्याला काढता येत नाहीत. बिडी काढता येते. सलाइनसाठी बाजूला ठेवलेले पैसे निकोटीनच्या गोळ्यांना आणि समुपदेशनाला लावा.

पण ज्या माणसाला आपल्याला काय झालंय हेच ठाऊक नाही, तो बिडी का सोडेल? रिपोर्ट लपवून तुम्ही त्यांना जपताय असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तुम्ही स्वतःची भीती कपाटात ठेवली आहे. बाबांनी तीस वर्षं ती धूळ अंगावर घेतली. त्यांच्याबरोबरचे कोण कशाने गेले, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. आणि डॉक्टरांना जी माहिती हवी, ती त्यांच्याशिवाय कोणाकडेच नाही: पोती कोण फोडायचं, सुका माल मिसळायच्या यंत्रापाशी ते किती वर्षं होते, माल पांढरा होता की निळा, धूळ ओढणारे पंखे चालू असायचे का, मास्क मिळायचा का. हर्नियाचं ऑपरेशनही विनाकारण अडवू नका. रिपोर्ट भूलतज्ज्ञांना दाखवा. श्वासाच्या तपासण्या ठीक आल्या तर नुसत्या प्लाकपायी ते सहसा थांबवावं लागत नाही. सांगताना आधी ‘कर्करोग नाही’ हे वाक्य सांगा, मग बाकीचं. त्यांनी आधीच ओळखलं असेल, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आईची धास्ती वेडगळ नाही. १९६० मध्ये ख्रिस वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले मेसोथेलिओमाचे, म्हणजे त्या आवरणाच्या कर्करोगाचे, ३३ रुग्ण मांडले, तेव्हा त्यात खाणीत कधी काम न केलेलेही होते. १९६५ मध्ये लंडनमध्ये म्युरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी ७६ रुग्णांचा मागोवा घेतला. त्यात घरातल्या कामगाराच्या कपड्यांवरच्या धुळीमुळे आजारी पडलेले नऊ जण निघाले, बहुतेक बायका, नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या. आपल्याकडच्या चाळीत तर कपडे आधी गॅलरीत झटकायचे आणि मग मोरीत भिजवायचे, अशीच रीत. तंतू उडतात ते त्या झटकण्यात. तरीही, ताई, अशा स्त्रियांतही हा आजार फार थोड्यांना होतो. तंतू शरीरात गेल्यापासून वीस ते पन्नास वर्षांनी तो दिसतो आणि लक्षणं नसताना सीटी काढून तो टाळता येत नाही. आईला एकदा छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन ही माहिती तिच्या फाइलमध्ये लिहून घ्या. पुढे एका बाजूला छातीत सतत दुखू लागलं, धाप वाढली किंवा छातीत पाणी झालं, तर ‘म्हातारपण’ म्हणून घरी बसवू नका. आणि आईसमोर बाबांना, किंवा बाबांसमोर आईला दोष जाईल असं कोणी बोलू नये. धूळ घरी न्यायची नसते हे सांगणं, धुलाईची आणि कपडे बदलायची सोय करणं, हे कारखान्याचं काम होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावच्या घरावर ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटचे पत्रे असतील. शाबूत पत्रा डोक्यावर आहे म्हणून रात्रीत काही होत नाही. पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं, ग्राइंडरने पत्रा कापणं, फुटलेले तुकडे कुटून वाटेत भराव घालणं, हे मात्र करू नका. काढायचेच असतील तर पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवा.

शेवटचं काम कागदांचं, आणि त्याला मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सांगितलं आहे की ॲस्बेस्टॉसच्या कारखान्याने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे उशिराचं असेल तोपर्यंत जपायची. बाबांच्या बाबतीत चाळीस वर्षं २०२४ मध्ये भरली, पण निवृत्तीनंतरची पंधरा २०२९ मध्ये भरतील. तेव्हा आजच लेखी अर्ज करून जुन्या तपासण्या आणि एक्स-रे मागा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा. नियुक्तिपत्र, पगाराच्या जुन्या पावत्या, राज्य विमा योजनेचं कार्ड, खात्याचं नाव असलेला कुठलाही कागद एकत्र करा. नुसत्या प्लाकवर भरपाई मिळेलच असं नाही. पण ॲस्बेस्टॉसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारे फुप्फुसाचे कर्करोग व मेसोथेलिओमा कायद्याच्या यादीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहेत. पुढे कधी दावा करायची वेळ आली, तर आज बाबांकडून खात्यांची नावं आणि वर्षं तारखेनिशी लिहून घेतलेला कागद सगळ्यात जास्त कामी येईल. त्यावर त्यांची सही घ्या आणि त्या वेळचे एक-दोन सहकारी हयात असतील तर त्यांचीही घ्या.